चिखलाच्या पृष्ठभागाजवळ ग्लुकोज मोजणारा सूक्ष्म इलेक्ट्रोड : दिवा लावल्यावर वाढणारा प्रवाह साखरेचा की आणखी कशाचा?

चोडणफेरी :

सर्वांना नमस्कार. सागरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी करीत आहे आणि त्यात एका ठिकाणी अडले आहे. आमच्याकडच्या खाजनांत, म्हणजे गोव्यातील खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींत, ओहोटीचे पाणी मानशीच्या (बांधातील पाणी सोडण्याच्या झडपेच्या) दारांतून निघून गेले, की उघड्या पडलेल्या चिखलावर सोनेरी-तपकिरी रंगाची पातळ साय दिसते. ही साय डायटम या सूक्ष्म शैवालांची असते. शैवाले चिकट बहुशर्करा बाहेर टाकतात, जीवाणू आपल्या एन्झाइमांनी त्यांचे तुकडे करतात आणि त्यातून थोडे ग्लुकोज मोकळे होत असावे, असे आमचे गृहीतक आहे. हे ग्लुकोज चिखलाच्या पृष्ठभागापासून किती उंचीवर आणि किती खोलीवर सापडते, हे मला मोजायचे आहे.

त्यासाठी मी इलेक्ट्रोड स्वतःच तयार केला. २५ मायक्रॉन व्यासाची प्लॅटिनमची तार काचेच्या केशनळीत वितळवून पक्की केली, टोक घासून सपाट आणि गुळगुळीत केले आणि त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम व बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन हे प्रथिन यांचे मिश्रण ग्लुटराल्डिहाइडने घट्ट बसवले. सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेली चांदीची तार संदर्भासाठी वापरते आणि प्लॅटिनमवर ०.६५ व्होल्ट ठेवते. गाळलेल्या खाडीच्या पाण्यात पायाभूत प्रवाह सुमारे ४० पिकोअँपिअर येतो आणि १०० मायक्रोमोलर ग्लुकोज घातले की तो सुमारे २१० पिकोअँपिअरने वाढतो. ही वाढ समाधानकारक वाटल्यावर मी प्रत्यक्ष चिखलाकडे वळले.

पर्स्पेक्सच्या नळीत आणलेला चिखल, त्यावर हलके ढवळले जाणारे दोन सेंटिमीटर पाणी, वरून थंड प्रकाशाचा दिवा आणि आडव्या सूक्ष्मदर्शकातून टोकावर नजर, अशी मांडणी आहे. टोक आणि त्याची चिखलावरची सावली एकमेकांना भिडली, की ती जागा मी शून्य धरते. दिवा चालू असताना वरून खाली येताना प्रवाह वाढत जातो, पृष्ठभागाच्या १५० मायक्रॉन वर तो सर्वाधिक, म्हणजे ११० पिकोअँपिअर होतो, आणि त्याहून जवळ गेले की पुन्हा उतरतो. दिवा बंद केला, की अर्ध्या मिनिटात ही वाढ जवळजवळ नाहीशी होते.

शैवाले उजेडात साखर सोडतात आणि अंधारात थांबतात, असा निष्कर्ष मी काढला होता. माझे मार्गदर्शक म्हणतात की इतक्यात तसे लिहू नये, परंतु नेमकी हरकत कोठे आहे ते शोधण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे. ज्यांनी असे इलेक्ट्रोड हाताळले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काचनळी :

ताई, आपल्या मार्गदर्शकांची हरकत रास्त आहे. मी फोंड्याजवळ राहतो. निवृत्त होईपर्यंत विद्युत्-रसायनशास्त्र शिकवत होतो आणि काचेत तारा बसवण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपला इलेक्ट्रोड ग्लुकोज मोजत नाही, हे प्रथम मनात पक्के करावे. एन्झाइम ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते, त्यात ऑक्सिजन खर्ची पडून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि प्लॅटिनमवर ०.६५ व्होल्टला त्या पेरॉक्साइडचे ऑक्सिडीकरण होऊन प्रवाह मिळतो. लेलंड क्लार्क यांनी १९५६ मध्ये ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड प्रसिद्ध केला. त्यावर एन्झाइम बसवण्याची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. त्या वेळी ऑक्सिजन किती कमी झाला यावरून साखर ओळखायची होती. पुढे पेरॉक्साइड मोजण्याची रीत रुळली, कारण शून्यावरून वर चढणारा आकडा वाचणे हे मोठ्या आकड्यातील लहानशी घट वाचण्यापेक्षा सोपे असते. परंतु त्या सोयीची किंमत अशी, की पेरॉक्साइड कोठूनही आले तरी प्लॅटिनमला ते सारखेच असते, आणि ०.६५ व्होल्टला ऑक्सिडीकरण होऊ शकणारा दुसरा कोणताही पदार्थ टोकापर्यंत पोहोचला तर तोही त्याच प्रवाहात मिसळतो.

आता आपले आकडे पाहू. १०० मायक्रोमोलरला २१० पिकोअँपिअर, म्हणजे एका मायक्रोमोलरला सुमारे दोन. सूक्ष्म चकतीवरचा स्थिर प्रवाह इलेक्ट्रॉनांची संख्या, फॅराडे स्थिरांक, विसरण गुणांक (रेणू पाण्यात किती वेगाने पसरतात त्याचे माप), संहती (पाण्यातील प्रमाण) आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या चौपट असतो. ग्लुकोजचा विसरण गुणांक दर सेकंदाला सुमारे ६.७ × १०⁻⁶ चौरस सेंटिमीटर धरला, तर टोकाशी आलेल्या प्रत्येक रेणूचे पेरॉक्साइड होऊन ते सर्व मोजले गेले असे मानूनही एका मायक्रोमोलरला साडेसहा पिकोअँपिअरच मिळू शकतात. त्यातील दोन आपल्या हाती येत आहेत, हे चांगले काम आहे. परंतु याच हिशेबाने चिखलावर मिळालेली ७० पिकोअँपिअरची वाढ ३५ मायक्रोमोलर ग्लुकोज दाखवते. समुद्राच्या पाण्यात मुक्त ग्लुकोज सहसा नॅनोमोलर पातळीत असते, कारण जीवाणू ते मिळताक्षणी गिळतात. चिखलालगत ते थोडे अधिक असेल हे मान्य केले तरी उघड्या, ढवळलेल्या पाण्यात ३५ मायक्रोमोलर टिकून राहावे, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. साखरेचा उगम चिखलावरच्या सायीत असेल, तर संहती सायीत सर्वाधिक असली पाहिजे आणि तेथून वर ती कमीच होत गेली पाहिजे. स्थिर स्थितीत, जेथे पदार्थ तयार होत नाही तेथे त्याची कमाल संहती असू शकत नाही. आपली कमाल मात्र पृष्ठभागाच्या १५० मायक्रॉन वर, मोकळ्या पाण्यात आहे. म्हणजे एकतर शून्याची जागा चुकली आहे, किंवा टोक जवळ जाऊ लागल्यावर मोजण्याची क्रियाच बदलत आहे. म्हणून विचारतो, टोकाशी तार २५ मायक्रॉनची आहे हे कळले, पण तिच्याभोवतीच्या काचेचा बाहेरचा व्यास किती आहे?

अंधारात प्रवाह उतरण्याचे कारण ऑक्सिजन असावे असे मला वाटते. दिवा गेला की शैवाले ऑक्सिजन देणे थांबवतात, चिखल मात्र तो ओढतच राहतो, आणि ऑक्सिजनवाचून एन्झाइमचे काम थांबते.

चोडणफेरी :

सर, मनःपूर्वक आभार. काचेचा बाहेरचा व्यास ०.८ मिलिमीटर आहे. टोक निमुळते केलेले नाही, केशनळी जशी होती तशीच घासून सपाट केली.

ओहोटी :

०.८ मिलिमीटर हा आकडा वाचल्यावर बरेचसे उलगडले. मी कांदळवनातील चिखलात ऑक्सिजनच्या सूक्ष्म इलेक्ट्रोडने मोजमापे करतो, त्यामुळे या बाजूने लिहितो.

चिखलाच्या लगत पाण्याचा एक पातळ थर असतो, ज्यात प्रवाहाचे ढवळणे पोहोचत नाही आणि पदार्थांची ये-जा केवळ विसरणाने होते. हा थर साधारणपणे मिलिमीटरच्या काही दशांशांपासून एक मिलिमीटरपर्यंत जाड असतो. आपण मोजत आहात ती सर्व घडामोड याच थरात आहे. अशा थरात ०.८ मिलिमीटर व्यासाची सपाट काच १५० मायक्रॉन उंचीवर आणून उभी केली, की ती चिखलावर झाकण ठेवल्यासारखी होते. टोकाखालच्या फटीत नवे पाणी केवळ कडेने येऊ शकते, तेही ४०० मायक्रॉनचे अंतर कापून. शिवाय दिवा वरून आहे. म्हणजे ज्या शैवालांचे वर्तन पाहायचे, नेमका त्यांच्याच वाट्याचा उजेड काच आणि तिच्यातील तार अडवत आहेत. जवळ गेल्यावर प्रवाह उतरतो याचे निदान अर्धे कारण ही सावली आणि हे झाकण असावे. पृष्ठभागाजवळ विसरण अडल्यामुळे प्रवाह घटणे हा काही दोषच असतो असे नाही. ॲलन बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेली क्रमवीक्षण विद्युत्-रासायनिक सूक्ष्मदर्शकाची पद्धत याच घटीवर उभी आहे. सूक्ष्म टोक विद्युतरोधक पृष्ठभागाकडे नेले की प्रवाह किती घटतो, यावरून तेथे अंतर मोजतात. परंतु तेथे काचेचा घेर, म्हणजे बाहेरचा व्यास, तारेच्या साधारण दहापट किंवा त्याहून कमी ठेवतात आणि तो मोजून हिशेबात धरतात. आपला घेर बत्तीसपट आहे.

उपाय एकच, टोक निमुळते करणे. केशनळी ज्योतीवर ओढून पेन्सिलीसारखी निमुळती करावी आणि मग तार बसवावी, किंवा बसवलेले टोक फिरवत फिरवत बारीक घासपत्रावर तिरके घासून काचेचा घेर ६० ते ८० मायक्रॉनपर्यंत आणावा. दुसऱ्या प्रकारात दहांतील चार-पाच टोके फुटतात, त्याची तयारी ठेवावी. शिवाय इलेक्ट्रोड चिखलावर उभा न आणता तिरपा आणावा, म्हणजे सावली बाजूला पडते.

उजेड-अंधाराच्या प्रयोगाबद्दलही थोडे सांगतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमधील आऱ्हुसच्या संशोधकांनी ऑक्सिजनच्या सूक्ष्म इलेक्ट्रोडने हाच दिवा मालवण्याचा प्रयोग केला आणि मालवल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत ऑक्सिजन किती वेगाने उतरतो, यावरून त्या जागेच्या प्रकाशसंश्लेषणाचा वेग काढला. तेव्हा वेळेला फार महत्त्व आहे. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. १५० मायक्रॉन अंतर ओलांडायला ऑक्सिजनला सुमारे पाच सेकंद, पेरॉक्साइडला आठ सेकंद आणि ग्लुकोजला सतरा सेकंद लागतात. आपण अर्धा मिनिट म्हणता, त्यात तिन्ही बसतात. दर सेकंदाची नोंद घेतली आणि टोक पृष्ठभागाच्या २०-३० मायक्रॉनवर ठेवले, तर काही भेद करता येईल. दिवा मालवताच क्षणात प्रवाहाने उडी मारली, तर मात्र ते रसायन नव्हे. सिल्व्हर क्लोराइडवर उजेड पडला की त्याचे विभव (व्होल्टेज) हलते, म्हणून संदर्भाची तार काळ्या नळीत झाकून ठेवावी.

आणखी एक सावधगिरी. पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर हायड्रोजन सल्फाइड असते. खाजनाच्या चिखलात पाय घातल्यावर येणारा कुजक्या अंड्याचा वास त्याचाच. ते प्लॅटिनमलाही खराब करते आणि चांदीलाही. एकदा खोल गेलेला इलेक्ट्रोड वर आणल्यावर पुन्हा प्रमाणित केल्याखेरीज त्याचे आकडे वापरू नयेत. कांदळाच्या पानांमुळे आणि सालींमुळे टॅनिनसारखे पदार्थ पाण्यात उतरलेले असतात, त्यांचेही ०.६५ व्होल्टला ऑक्सिडीकरण होते.

अर्धसंपृक्त :

काचनळी सरांच्या एका विधानाशी मी आदरपूर्वक असहमत आहे. अंधारात ऑक्सिजन घटला म्हणून प्रवाह उतरला, हे स्पष्टीकरण सर्वांना पटकन सुचते आणि साखर मुबलक असेल तेथे ते बरोबरही असते, परंतु या प्रयोगात ते लागू पडेल असे मला वाटत नाही.

ग्लुकोज ऑक्सिडेज दोन टप्प्यांत काम करते. आधी ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेते आणि मग ते ऑक्सिजनला देते. पहिल्या टप्प्याचा मायकेलिस स्थिरांक (ज्या संहतीला एन्झाइमचा वेग कमालीच्या निम्मा होतो ती) सुमारे २५ मिलिमोलर आहे, दुसऱ्याचा सुमारे ०.२ मिलिमोलर. एकूण वेगाच्या सूत्रात हे दोन्ही स्थिरांक आपापल्या संहतीने भागून एकत्र मिळवले जातात. ग्लुकोज ३५ मायक्रोमोलर धरले तर पहिले पद ७०० च्या आसपास येते. खारट, उबदार पाण्यात हवेने संपृक्त ऑक्सिजन सुमारे २०० मायक्रोमोलर असतो, म्हणून दुसरे पद एक. ऑक्सिजन दहा पटींनी घटून २० मायक्रोमोलर झाला तरी दुसरे पद दहा होईल आणि एकूण वेगात जेमतेम दीड टक्का फरक पडेल. ग्लुकोजच इतके थोडे आहे, की एन्झाइम ऑक्सिजनची नव्हे तर ग्लुकोजची वाट पाहत असते.

एन्झाइमच्या थरात पुरवठ्याचाही प्रश्न असतो, तोही तपासून पाहिला. ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूला ऑक्सिजनचा एक रेणू लागतो, परंतु ऑक्सिजन ग्लुकोजच्या तिपटीहून अधिक वेगाने विसरतो. म्हणजे ३५ मायक्रोमोलर ग्लुकोजसाठी १०-११ मायक्रोमोलर ऑक्सिजन पुरेसा आहे, आणि प्लॅटिनमवर पेरॉक्साइडचे ऑक्सिडीकरण होताना त्यातून ऑक्सिजन परतही मिळतो. ढवळलेल्या पाण्यात, पृष्ठभागाच्या १५० मायक्रॉन वर, अंधार झाल्यावर अर्ध्या मिनिटात ऑक्सिजन दहा मायक्रोमोलरच्या खाली जाणे संभवत नाही. चिखलाच्या आत तो निश्चित जाईल, आणि तेथे हा इलेक्ट्रोड आंधळा होईल. चिखलात एक-दोन मिलिमीटर खोलीवर मिळालेले शून्य हे साखरेचे शून्य म्हणून लिहू नये, ते ऑक्सिजनचे असण्याचीच शक्यता अधिक आहे.

मग उजेडात वर काय वाढते? माझा संशय थेट पेरॉक्साइडवर आहे. शैवाले उजेडात हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर टाकतात, आणि पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांवर ऊन पडले तरी ते तयार होते. आपला इलेक्ट्रोड मुळात पेरॉक्साइडचाच आहे. पेरॉक्साइडचा विसरण गुणांक ग्लुकोजच्या दुपटीहून अधिक आहे, त्यामुळे उघड्या प्लॅटिनमच्या चकतीला एका मायक्रोमोलरमागे १३ पिकोअँपिअर मिळू शकतात. म्हणजे जे ३५ मायक्रोमोलर ग्लुकोज वाटत आहे, ते पाच-दहा मायक्रोमोलर पेरॉक्साइडही असू शकेल. एन्झाइम न घालता केवळ अल्ब्युमिनचा थर दिलेला जुळा इलेक्ट्रोड तयार करावा आणि तो त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच उजेडात न्यावा. बीकरमध्ये तपासलेला जुळा पुरेसा नाही. हस्तक्षेप करणारा पदार्थ पृष्ठभागाजवळ तयार होत असेल, तर तो बीकरमध्ये कसा दिसणार?

पट्टी :

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे चिखलाविषयी बोलण्याचा अधिकार नाही, परंतु ऑक्सिजनचा विषय निघाला म्हणून एक अनुभव सांगावासा वाटला. ग्लुकोज ऑक्सिडेजवर चालणाऱ्या साखरेच्या पट्ट्यांमध्ये ऑक्सिजनऐवजी एक मध्यस्थ रसायन इलेक्ट्रॉन वाहून नेते. तेथे ऑक्सिजन हा प्रतिस्पर्धी असतो आणि ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाची साखर पट्टीवर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. म्हणजे तुमच्या इलेक्ट्रोडच्या अगदी उलट. हे टाळण्यासाठी आता अनेक पट्ट्यांमध्ये ऑक्सिजनला दाद न देणारे ग्लुकोज डिहायड्रोजिनेज वापरतात. चिखलाच्या आत ऑक्सिजन नसलेल्या थरात मोजायचे असेल, तर या एन्झाइमचा विचार करता येईल का?

अर्धसंपृक्त :

करता येईल. मध्यस्थ मात्र टोकावरच बांधून ठेवावा लागेल, नाहीतर तो पाण्यात निघून जाईल आणि सूक्ष्मजीवांनाही अपाय करील. ऑस्मियमची संयुगे जोडलेले बहुवारिक त्यासाठी वापरतात. पदव्युत्तर प्रकल्पाच्या मुदतीत हे बसवणे कठीण वाटते.

काचनळी :

अर्धसंपृक्त यांचे म्हणणे मला मान्य आहे. मी मिलिमोलर द्रावणांच्या सवयीने बोललो. रक्तातल्या साखरेच्या पातळीला ऑक्सिजनची उणीव हाच पहिला प्रश्न असतो, मायक्रोमोलरला तो शेवटचा ठरतो. माझे ते विधान मागे घेतो.

जुळा इलेक्ट्रोड करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दोन्ही टोकांचा पेरॉक्साइडला मिळणारा प्रतिसाद सारखा आहे की नाही हे आधी पाहावे, कारण एन्झाइमचा थर जाड आणि अल्ब्युमिनचा पातळ झाला तर वजाबाकीला अर्थ राहणार नाही. त्यासाठी पेरॉक्साइडचे ताजे द्रावण करावे आणि बाटलीवरच्या टक्केवारीवर विसंबू नये. पोटॅशियम परमँगनेटने अनुमापन करून खरी संहती काढावी. दुसरे ग्लुकोजच्या द्रावणाविषयी. हे एन्झाइम जवळजवळ केवळ बीटा रूपातील ग्लुकोजच घेते. नुकतेच विरघळवलेले ग्लुकोज बहुतांशी अल्फा रूपात असते आणि समतोल येऊन सुमारे ६४ टक्के बीटा व्हायला काही तास लागतात. सकाळी केलेले द्रावण सकाळीच वापरले तर प्रमाणीकरण चुकते. आदल्या दिवशी करून ते फ्रिजमध्ये ठेवावे. खाडीच्या पाण्यात मात्र साठवू नये, रात्रभरात जीवाणू ते संपवतात.

चोडणफेरी :

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. सर्वांच्या सूचनांप्रमाणे काम केले.

तिरके घासताना अकरा टोकांपैकी सहा फुटली. उरलेल्या पाचांतील दोन जुळी निवडली, एक एन्झाइमचे, एक अल्ब्युमिनचे. काचेचा घेर एकाचा ७० मायक्रॉन, दुसऱ्याचा ८० मायक्रॉन. पेरॉक्साइडला दोघांचा प्रतिसाद सहा टक्क्यांच्या फरकाने जुळला. संदर्भाच्या तारेवर काळी नळी चढवली आणि इलेक्ट्रोड तिरपा आणला.

पहिला बदल लगेच दिसला. १५० मायक्रॉनवरची कमाल नाहीशी झाली. आता प्रवाह पृष्ठभागापर्यंत सलग वाढत जातो. दिवा मालवताना दर सेकंदाला नोंद घेतली. क्षणात पडणारी उडी पूर्वी होती असे जुन्या नोंदी पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले, ती आता नाही.

मुख्य गोष्ट अशी, की एन्झाइम नसलेला इलेक्ट्रोडही उजेडात वाढ दाखवतो. पृष्ठभागालगत एन्झाइमच्या टोकाला ६२ पिकोअँपिअरची वाढ मिळाली आणि त्याच जागी जुळ्या टोकाला ५३ पिकोअँपिअरची. उरलेले नऊ पिकोअँपिअर ग्लुकोजचे धरले तर ते साडेचार मायक्रोमोलर होतात, परंतु माझ्या नोंदीतील गोंगाटच तीन-चार पिकोअँपिअरचा आहे आणि दोन टोके तंतोतंत त्याच बिंदूवर नेता येत नाहीत. शिवाय हा फरक दिवा मालवल्यानंतरही काही मिनिटे तसाच राहतो. ‘उजेडात साखर सुटते’ हे वाक्य मी मसुद्यातून काढून टाकले आहे. ज्या ५३ पिकोअँपिअरकडे मी पाहतच नव्हते, ते पेरॉक्साइडचे आहेत का, हे आता शोधायचे आहे. पाण्यात कॅटालेज हे पेरॉक्साइड नष्ट करणारे एन्झाइम घालून पाहावे असे मनात आहे.

एक व्यावहारिक अडचण आहे. पाऊस सुरू झाल्यापासून पायाभूत प्रवाह सकाळी ४० आणि दुपारी ९० पिकोअँपिअर असा हलतो. इलेक्ट्रोड तेच आहेत.

ओहोटी :

आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत हे होणारच. केशनळीच्या बाहेरच्या बाजूला आणि जोडणीवर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो, त्यात खारट हवेतील मीठ मिसळले की प्रवाहाला दुसरी वाट मिळते. पिकोअँपिअरच्या मोजमापाला तेवढे पुरते. जोडणी उघडून पाहावी, आतल्या पितळेवर हिरवट डाग असतील तर ती बदलावी. केशनळीचा वरचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकवावा आणि नंतर त्याला बोट लावू नये. संपूर्ण मांडणी पत्र्याच्या बंद डब्यात ठेवून डबा भूसंपर्कित करावा आणि आत निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. ती गुलाबी झाली की भाजून पुन्हा वापरावी. पत्र्याच्या डब्याने ५० हर्ट्झचा गोंगाटही कमी होईल, कदाचित आपल्या तीन-चार पिकोअँपिअरचे दोन होतील.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बदलते. मांडवीच्या खाड्यांचे पाणी या दिवसांत फार गोडे होते. उघड्या सिल्व्हर क्लोराइडच्या तारेचे विभव पाण्यातील क्लोराइडवर ठरते आणि क्लोराइड दहा पटींनी घटले की ते सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकते. म्हणजे मे महिन्यातले ०.६५ आणि जुलैतले ०.६५ एक नव्हेत. प्रमाणीकरण त्या दिवशी आणलेल्या पाण्यातच करावे, किंवा संदर्भाची तार ठरावीक क्लोराइड असलेल्या वेगळ्या नळीत ठेवून ती नळी क्षारसेतूने (मिठाचे द्रावण भरलेल्या जोडनळीने) जोडावी.

अर्धसंपृक्त :

कॅटालेज पाण्यात घालू नये असे सुचवतो. ते सायीतील शैवालांभोवतीचेच पेरॉक्साइड नष्ट करील, त्यामुळे ज्या व्यवस्थेचे मोजमाप करायचे तीच बदलेल, आणि एन्झाइमच्या टोकात तयार होणारे पेरॉक्साइडही काही अंशी खाऊन टाकील. त्याऐवजी तिसरे टोक करावे. अल्ब्युमिनच्या जुळ्या टोकावर कॅटालेजचा आणखी एक थर द्यावा आणि तेच ग्लुटराल्डिहाइड वापरावे. बाहेरून येणारे पेरॉक्साइड त्या थरातच संपेल, टॅनिनसारखे पदार्थ मात्र आत पोहोचतील. या तिसऱ्या टोकावर उजेडातील वाढ राहिली नाही, तर ५३ पिकोअँपिअर पेरॉक्साइडचे. अर्धी राहिली, तर शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागेल. टोक पाण्यात नेण्यापूर्वी दहा मायक्रोमोलर पेरॉक्साइडमध्ये बुडवून प्रवाह खरोखर शून्याजवळ राहतो की नाही ते पाहावे, कारण थर पातळ झाला असेल तर थोडे पेरॉक्साइड निसटून आत जाते.

चोडणफेरी :

कॅटालेज प्रयोगशाळेत आहे. उद्या अमावास्येची ओहोटी आहे, तेव्हा मानशीजवळून चिखलाच्या दोन नव्या नळ्या आणीन आणि तिसरे टोक आज रात्रीच थर देऊन फ्रिजमध्ये ठेवीन. तिन्ही टोकांच्या नोंदी आल्या की याच धाग्यावर लिहिते.